रोटी केसादिया

ऑगस्ट १९५७. गाव युबा सिटी, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या उत्तरेला साधारण पासष्ट किलोमीटर. दिवस कलला तरी हवेतली धग हटलेली नाही. पीचचा हंगाम ऐन भरात आहे. कॅनरीकडे निघालेले ट्रक तुमच्या अंगावर धूळ उडवत जातात आणि दिवसभर शिडीवर उभी असलेली माणसं मान खाजवत घराकडे चालली आहेत. पीचवरची ती मऊ लव घामाला चिकटली की काय करते, हे डब्यातला पीच खाणाऱ्याला कधी कळत नाही.

पश्चिमेला सटर ब्यूट्सचे डोंगर दिसतात. त्याच बाजूला विल्यम थॉमसन नावाच्या इंग्रज शेतकऱ्याची जमीन होती. १८७२ साली त्याने न्यूयॉर्कहून द्राक्षाच्या तीन काड्या मागवल्या. दोन गेल्या, एक जगली. त्या वेलीची बिनबियांची द्राक्षं १८७५ मध्ये नदीपलीकडच्या मेरिसव्हिलला लोकांनी पहिल्यांदा पाहिली. तासगावात किंवा पिंपळगाव बसवंतात वाढलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. हीच थॉमसन सीडलेस. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली तास-ए-गणेश हिच्यातूनच निघाली. तेव्हा परक्या मुलखात आलो म्हणून बुजू नका; आपल्याकडच्या बागांचं अर्धं माहेर इथलंच आहे.

वाइनच्या प्रदेशात जेवायला चाललोय म्हणून कडक इस्त्रीचे कपडे घातले असतील, तर मात्र पंचाईत. नापाचं खोरं इथून नैर्ऋत्येला आहे, आणि त्यालाही अजून भाव आलेला नाही. रॉबर्ट मोंडावीची वायनरी उघडायला नऊ वर्षं आहेत. या काळात अमेरिकन माणूस गोड, कडक, फोर्टिफाइड वाइनच जास्त पितो. टेबलावर खाल्ली जातात ती आणि बेदाण्यासाठी वाळत पडतात ती सोडून उरलेली थॉमसन गाळपाला जाते आणि तसल्याच वाइनमध्ये नि ब्रँडीत मुरते. ग्लास हलवून वास घेणारी मंडळी इथे नाहीत. इथे वेली बांधणारी, छाटणारी, खोकी भरणारी माणसं आहेत, आणि त्यांना भूक लागली आहे.

त्यांच्या मागोमाग आत या. हे एल रांचेरो. गुलाम रसूल आणि त्यांच्या पत्नी इनेझ आगिरे रसूल यांनी तीन वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, ते सुरू केलं. ते पंजाबी मुसलमान, त्या मेक्सिकन घरातल्या. इथे एन्चिलादा मिळते, भात-बीन्स मिळतात, चिकन करी मिळते आणि रोटीही मिळते. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात, त्यामुळे ‘फ्यूजन’ हा शब्द जिभेवर येईल. गिळा. कुणाला कळणार नाही, आणि कळला तर हसतील.

बसा. शेजारच्या टेबलावर सत्तरीचे एक बाबाजी एकटेच बसले आहेत. पाणी आणून देणाऱ्या पोरीला ते ‘मिहा’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘पोरी’. तुमच्याकडे एकवार नीट पाहतात आणि मग ज्या भाषेत बोलतात ती ऐकून तुम्ही दचकता. पंजाबी आहे, पण मध्ये मध्ये स्पॅनिशचे खडे. तुमच्या मोडक्या हिंदीवर काम भागतं.

“किथों आया, पुत्तर?”

“बंबईकडून, बाबाजी.”

“मग तूही हिंदूच,” म्हणून ते स्वतःच हसतात. इथल्या गोऱ्यांच्या लेखी हिंदुस्तानातून आलेला प्रत्येक जण हिंदू. मग तो शीख असो, मुसलमान असो, की या बाबाजींसारखा पगडी कधीच उतरवून ठेवलेला जाट.

जेवण यायला वेळ आहे, तोवर बाबाजींना बोलू द्या. ते आले तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू व्हायचं होतं. आधी रेल्वेचे रूळ, मग लाकडाच्या गिरण्या, मग दक्षिणेला मेक्सिकोच्या हद्दीवरच्या इंपीरियल व्हॅलीत कापूस. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: ज्याला नागरिक होता येत नाही, त्याला शेतजमीन घेता येणार नाही. १९१७ मध्ये अमेरिकेने हिंदुस्तानातून येणाऱ्यांना दारच बंद केलं, म्हणजे गावी आईला भेटायला गेलं की परत यायची आशा सोडायची. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की हिंदुस्तानी माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिकत्व नाही. आणि गोऱ्या बाईशी लग्न करायला राज्याचा कायदा आडवा.

“मग?” तुम्ही विचारता.

“मग काय. कापूस वेचायला बायका होत्या ना.”

मेक्सिकोत १९१० पासून क्रांतीची धामधूम होती. घरंच्या घरं उठून हद्द ओलांडून आली आणि त्याच कापसात कामाला लागली. लग्नाचा परवाना काउंटीच्या कचेरीत मिळायचा. अर्जावर वंशाचा रकाना असे. कारकून समोरच्या दोघांकडे बघायचा, कातडी सारखीच दिसली की दोघांपुढे ‘ब्राउन’ लिहायचा आणि शिक्का मारायचा. बाबाजींनी लग्न केलं ते असंच, आणि त्यांच्या भागीदाराने केलं मेव्हणीशी. दोन मित्रांनी दोन सख्ख्या बहिणी करायच्या, हा तिथला रिवाजच होता. मानववंशशास्त्रज्ञ कॅरेन लेनर्ड यांनी पुढे जुनी दप्तरं चाळून अशी सुमारे पावणेचारशे लग्नं शोधून काढली.

याची लगेच प्रेमकहाणी करू नका. नवरे बायकांपेक्षा बरेच थोरले. कित्येकांची पहिली बायको पंजाबात वाट पाहत होती. भांडणं झाली, काडीमोड झाले, बायका पोरं घेऊन निघून गेल्या. पण पोरं इथे जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक, आणि जी जमीन बापाच्या नावावर होत नव्हती ती पुढे पोरांच्या नावावर होऊ लागली. पोरं चर्चमध्ये जायची, आईची भाषा बोलायची. बापाची भाषा त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. आलं ते त्याचं आडनाव, आणि त्याचं जेवण. ते जेवण मात्र आईच्या हातचं. या बायकांना रोटी लाटायला, करीला फोडणी द्यायला शिकवलं कुणी? नवऱ्यांनी. गड्यांच्या बराकीत आळीपाळीने स्वयंपाक करून हात बसलेली ती माणसं. सासू सात समुद्रांपलीकडे होती, त्यामुळे चुकीचं म्हणायलाही कुणी नव्हतं. मला विचाराल तर या सगळ्या हकिकतीत सुखाची एवढीच एक गोष्ट आहे.

आता बशी आली. वाकून बघा.

बाहेरून ती रोटीच आहे, तूप-तेलाचा हात लावून घडी घातलेली, पराठ्याच्या जातीची. तव्यावर पडल्यामुळे पापुद्र्यांना तपकिरी डाग आलेत. टॉर्टिया चिवट असते, ही नाही. बोट लावलं की वरचा पदर सुटतो. आत वितळलेलं चीज, चिरलेला कांदा आणि शिजवून सुटं केलेलं बीफ. (बीफ नको असेल तर आत्ताच सांगा, लाजू नका, इथे येणारे सगळेच खातात असं नाही.) कडेने चीज निसटून तव्यावर पडलं, तिथे त्याची कुरकुरीत झालर झाली आहे. ती आधी खा. मग मधला भाग. पहिला घास मेक्सिकन वाटतो. दुसऱ्याला रोटीचं कणीकपण वर येतं. तिसऱ्यापर्यंत तुम्ही ठरवायचं सोडून देता. हिचं नाव रोटी केसादिया, आणि या गावाबाहेर ती मागून बघा, कुणी देणार नाही.

खरं तर या दोन स्वयंपाकघरांना एकमेकांत शिरायला फार दारं फोडावी लागली नाहीत. जिरं दोन्हीकडे, लसूण दोन्हीकडे, कोथिंबीर दोन्हीकडे. उत्तर मेक्सिकोत टॉर्टिया गव्हाचीही होते, त्यामुळे पीठसुद्धा ओळखीचं. आणि मिरची? ती तर मूळ मेक्सिकोकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती हिंदुस्तानच्या पश्चिम किनाऱ्याला, गोव्याला लागली आणि तिथून देशभर पसरली. पंजाबात मक्याची रोटी खाणारा माणूसही मेक्सिकोचंच देणं खातो. म्हणजे बाबाजींच्या करीत पडलेली मिरची तीन-चारशे वर्षं परदेशी राहून परत आजोळी आली आहे.

याच वाटेवरचा एक मराठी माणूस बाबाजींना ठाऊक आहे का, विचारून बघा. पांडुरंग खानखोजे, वर्ध्याचे. ओरेगॉनमध्ये शेतकी शिकले आणि याच पंजाबी मजुरांमध्ये हिंडून त्यांनी इंग्रजांविरुद्धच्या गदर या क्रांतिकारी चळवळीची बांधणी केली. महायुद्धात गदरचा उठावाचा डाव फसला; इराण, रशिया, जर्मनी असे भटकत ते १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात बसवलं, भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या जागी.

“गदर?” बाबाजी म्हणतात. “पैसे मीही दिले होते. स्टॉक्टनच्या गुरुद्वाऱ्यात.” आणि विषय बदलून ते दलिप सिंग सौंद यांच्यावर येतात. सौंद इंपीरियल व्हॅलीतले लेट्यूसवाले. १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, आणि दहाच वर्षांत गड्याने निवडणूक जिंकली. या जानेवारीपासून ते वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये बसतात. पहिला आशियाई-अमेरिकन काँग्रेसमन. बाबाजी हे अशा ऐटीत सांगतात की जणू मतमोजणीला तेच बसले होते.

खुर्ची हलवू नका, फक्त साल पुढे सरकवा. १९७४.

बाबाजी नाहीत. त्यांच्या टेबलावर पंजाबातून नुकतंच आलेलं एक तरुण जोडपं आहे. १९६५ च्या कायद्याने दार पुन्हा उघडलं आणि पीचच्या बागा नव्या माणसांनी भरल्या. आता गावाजवळ टिएरा ब्युएनाला गुरुद्वारा उभा आहे. घराघरात सासवा आहेत, कोण चुकलं हे सांगायला. नव्यांना जुन्यांचं काही पटत नाही: यांच्या पोरांना पंजाबी येत नाही, नावं होसे नि मारिया, लग्नात बँड वाजतो. त्या तरुणाने रोटी केसादिया मागवली. उघडून आत पाहिलं. बायकोने विचारलं, “हे आपलं आहे?” तो उत्तर देत नाही, खात मात्र राहतो. मला त्याचं हे वागणं एकदम पसंत आहे.

पुढे १९९३. एल रांचेरो बंद झालं. जवळजवळ चाळीस वर्षं चाललेलं हॉटेल. घरातल्याच माणसांनी चालवलं, मग चालवणारे थकतात. आणखी सोळा वर्षांनी, २००९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात ‘करी अप नाउ’चा फूड ट्रक रस्त्यावर येईल आणि टिक्का मसाला बरिटोसाठी रांगा लागतील. तो बरिटो चवीला वाईट नाही. पण तो कुणाला तरी सुचलेला आहे. रोटी केसादिया कुणाला सुचली नव्हती. तव्यावर रोटी होती, घरात चीज होतं, आणि जेवायला बसणारी पोरं दोघांची होती.

पण तिकडे कशाला जाता इतक्यात? १९५७ मध्येच परत या, पोट अजून भरलेलं नाही. चिकन करी मागवा. सोबत भात की टॉर्टिया, असं विचारतील. भात याच खोऱ्यात पिकतो, चांगला असतो. तरी टॉर्टियाच सांगा, आणि आणखी एक रोटी. बाबाजी मान हलवतील, आणि आपल्या ताटातली हिरवी मिरची न विचारता तुमच्या ताटात टाकतील. ती हालापेन्यो आहे. आपल्या लवंगीच्या मानाने काहीच नाही, चावा बिनधास्त.