बांधून आणलेल्या लांडग्याची साक्ष

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे सहलींचा महिना. दोन वर्षांपूर्वी कल्याणहून आठवी-नववीच्या मुलांना घेऊन पुण्याला गेलो होतो. शनिवारवाडा झाला, मग कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. मुले वाघापाशी गर्दी करून उभी होती. मी लांडग्याच्या जाळीपाशी थांबलो. थंडीतले तिरपे, पिवळे ऊन त्याच्या पाठीवर पडले होते. आपला लांडगा बर्फातल्या लांडग्यासारखा केसाळ नसतो. अंगाने सडपातळ, रंगाने वाळल्या गवतासारखा. त्या उन्हात तो फार देखणा दिसत होता.

फोटो काढण्याचा मला जुना नाद आहे. जाळीतून फोटो काढायची युक्ती सोपी असते. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवायचे आणि फोकस लांबच्या जनावरावर धरायचा. जाळीच्या तारा विरघळून जातात. मागे सिमेंटची भिंत तेवढी दिसत होती. ती मी रात्री घरी येऊन कापली. उरला तो फक्त लांडगा आणि गवत. शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘माळरानाचा राजा’. एका सहकाऱ्याने विचारले, ‘नान्नजला गेला होतात का, सर?’ सोलापूरजवळचे नान्नज माळढोकासाठी आणि लांडग्यांसाठी प्रसिद्ध आहे. मी उत्तरादाखल फक्त हसरा चेहरा पाठवला. खोटे बोललो नाही, पण खरेही सांगितले नाही.

सोमवारी तोच फोटो वर्गात पडद्यावर दाखवला. आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, जाली किधर गई?’

वर्ग हसला. मला मात्र सूरह यूसुफ आठवली.

कुरआनातली ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. भाऊ हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) यांना विहिरीत टाकतात, सदऱ्याला खोटे रक्त लावतात आणि रडत घरी येऊन सांगतात, लांडग्याने खाल्ले. ही सबब त्यांना सुचली कुठून? आधी वडिलांनीच बोलून दाखवले होते, की याला लांडगा खाईल अशी मला भीती वाटते. मुलांनी बापाची भीती उचलली आणि तिलाच साक्षीदार बनवले. आरोप टिकतो तो असा. ऐकणाऱ्याच्या मनात भीती आधीच तयार असावी लागते.

तफसीरकार इथे एक बारकावा सांगतात. सदऱ्यावर रक्त होते, पण सदरा फाटलेला नव्हता. मुलगा खाल्ला आणि कापड शाबूत ठेवले, असा कसा हा लांडगा? हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांनी पुरावा नीट पाहिला आणि खोटेपणा ओळखला. ‘किससुल अंबिया’च्या परंपरेत याला आणखी एक कथा जोडलेली आहे. ती कुरआनात नाही, पण आमच्या घरांतून ती ऐकायला मिळते. भाऊ एक लांडगा पकडतात आणि बांधून बापापुढे उभा करतात. अल्लाह त्याला वाचा देतो आणि तो सांगतो, मी निर्दोष आहे. नबींचे मांस आम्हाला हराम आहे. फारसीत ‘गुर्गे-यूसुफ’ म्हणजे नाहक तोहमत आलेला, तो यावरूनच.

म्हणजे कैदेतल्या लांडग्याला साक्षीला उभे करणे ही फार जुनी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की त्याच्या तोंडून खरे वदवून घ्यायचे की आपल्याला हवे ते.

मराठीतही आपण ‘लांडगा आला रे आला’ ऐकत वाढलो. त्या गोष्टीत खोटे बोलतो तो माणसाचा पोर, पण लक्षात राहते ते लांडग्याचे नाव. इंग्रजी अमलात या बदनामीला सरकारी दर मिळाला. मारलेल्या लांडग्यामागे रोख इनाम दिले जाई. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार 1875 ते 1925 या 50 वर्षांत हिंदुस्थानात सुमारे 2 लाख लांडगे मारले गेले. आज देशभरात साधारण 3 हजार उरले असावेत, असे अभ्यासक सांगतात. वाघाच्या आकड्याची दर वेळी बातमी होते. लांडग्याचा आकडा आपल्यापैकी किती जणांनी ऐकला होता?

तोहमत फोटोतूनही करता येते. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर थायलासिन नावाचा प्राणी होता. पाठीवर पट्टे, पोटाला कांगारूसारखी पिशवी. तो लांडगा नव्हता, पण गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याला ‘टास्मानियाचा लांडगा’ म्हटले आणि मेंढ्यांचा वैरी ठरवले. 1888 ते 1909 या काळात तिथल्या सरकारने 2184 इनामे वाटली. 1921 मध्ये हेन्री बरेल यांनी काढलेला त्याचा एक फोटो छापून आला. तोंडात कोंबडी धरलेला थायलासिन. कोंबडीचोर म्हणून तो जगभर पोहोचला. मूळ फोटोत मागे कुंपण दिसते, छापताना ते कापले होते. पुढे एका संशोधिकेने तर तो प्राणी पेंढा भरलेला असावा, असे मत मांडले. रक्त लावलेला सदरा तो हाच.

शेवटचा थायलासिन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात 7 सप्टेंबर 1936 रोजी मेला. तिकडे तेव्हा नुकताच हिवाळा सरत असतो. रात्री त्याला निवाऱ्यात घेतलेच गेले नाही आणि तो गारठ्याने मेला, असे सांगितले जाते. कायद्याने त्याला संरक्षण मिळून तेव्हा जेमतेम 59 दिवस झाले होते.

दुसरे प्रकरण आपल्या काळातले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत 2009 चा पहिला मान स्पेनच्या होसे लुईस रोद्रिगेस यांना मिळाला. रात्रीच्या अंधारात लाकडी फाटकावरून झेपावणारा लांडगा, अप्रतिम चित्र. जानेवारी 2010 मध्ये बक्षीस काढून घेण्यात आले. तो माद्रिदजवळच्या एका प्राणिसंग्रहालयातला माणसाळलेला लांडगा असावा, या निष्कर्षाला परीक्षक आले होते. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. परीक्षकांना एक गोष्ट खटकली होती. लांडगा फाटकाच्या फटीतून सहज गेला असता, त्याने उडी का मारावी? सदरा का फाटला नाही, असे विचारणारी हीच ती नजर.

मग कैदेतल्या जनावराचे चित्र काढूच नये का? आपला इतिहास तसे म्हणत नाही. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे कधी न पाहिलेली जनावरे आणि पक्षी आणले. त्यांत टर्की कोंबडाही होता. आपल्या आठवणींत जहांगीर लिहितो, की बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रे काढून घेतली नाहीत. मी चितारायला सांगितले. ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब मिळालेल्या उस्ताद मन्सूरची अनेक चित्रे अशाच दरबारात आलेल्या जनावरांची आहेत. पुण्यात सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगाराम तांबट यांनी नोव्हेंबर 1790 मध्ये चितारला. तो आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, अशीच त्याची नोंद आहे. जंगलात भेटला, असा दावा कुठे नाही. जनावर कुठून आले आणि कुणाच्या ताब्यात होते, हे सांगण्यात या लोकांना कमीपणा वाटला नाही.

उलट आज पिंजऱ्यातल्या लांडग्याचा फोटो काढणे हेच अनेकदा अधिक सभ्यपणाचे आहे. आपल्याकडे लांडगीण पिल्ले घालते ती प्रामुख्याने थंडीतच. त्या दिवसांत माळावर गाड्या घालून बिळापर्यंत गेलेल्या हौशी लोकांमुळे ती बुजते. पिल्ले तोंडात धरून तिला जागा बदलावी लागते. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे, पण कायदा प्रत्येक माळावर पहारा देऊ शकत नाही. ज्याला लांडगा जवळून पाहायचा आहे, त्याने तिकीट काढून कात्रजला जावे. त्यात लाज नाही. लाज आहे ती जाळी लपवण्यात. जाळी कापलेला फोटो पाहणाऱ्याला सांगतो, की माळ शाबूत आहे, लांडगा मोकळा आहे, काळजीचे कारण नाही. माझ्या फोटोने हीच खोटी साक्ष दिली होती.

आम्हा मुसलमानांना चित्राची तोहमत नवी नाही. कुणाचा तरी फोटो कापला जातो, खाली दुसरेच गाव लिहिले जाते आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मोबाइलवर असतो. आपल्यावर वेळ येते तेव्हा आपण म्हणतो, पूर्ण फोटो दाखवा. मग लांडग्याच्या बाबतीत तोच हक्क मी का नाकारला? न्याय ही काही फक्त आपल्यापुरती मागायची चीज नाही.

त्या मुलीला मी सांगितले, ‘बेटा, जाली मैंने काटी.’ वर्ग शांत झाला. मूळ फाईल संगणकात होती. ती पडद्यावर लावली. सिमेंटची भिंत, पाण्याचे टाके, कोपऱ्यात जाळीची अंधुक सावली. ग्रुपवरही तोच फोटो पुन्हा टाकला आणि खाली खरे ते लिहिले. सहकाऱ्याचे उत्तर आले, ‘पहिला जास्त छान होता, सर.’ होताच. खोटा सदराही रंगाने लालच होता.

तो फोटो आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. खाली त्याच मुलीने उर्दू आणि मराठी, दोन्ही लिप्यांत लिहिले आहे : लांडगा, कात्रज, पुणे. कैदेत.