'ठेव', 'बुडीत' आणि 'भरपाई' : शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने एक विचार

'बुडीत' हे विशेषण मराठीत दोन अगदी भिन्न ठिकाणी योजले जाते. धरणाच्या पाण्याखाली गेलेली जमीन ती बुडीत. आणि परत येण्याची आशा सुटलेले कर्ज तेही बुडीतच. तानसा, वैतरणा व भातसा यांचे पाणी मुंबईला पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यात पहिल्या अर्थाचा अनुभव जुना आहे; तानसा तलाव १८९२ सालचा. दुसऱ्या अर्थाचा अनुभव शहापुरास व शेजारच्या मुरबाडास तितकाच जुना असला, तरी दीर्घ काळ तो सावकाराच्या बाजूचा होता. येथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबे सवाई-दिडीने धान्य उचलीत. त्यांच्यापाशी इतरांनी बुडवावे असे फारसे काही नव्हतेच. १९३६ साली ज्या प्रदेशांना 'अंशतः वर्जित क्षेत्र' ठरविण्यात आले त्यांत शहापूर तालुका होता, आणि अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या ऋणग्रस्ततेचे वर्णन सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात आले. त्या काळी प्रश्न ऋणकोचा होता. ठेवीदाराचा प्रश्न नंतरचा होय. आणि तो नीट समजण्यासाठी प्रथम शब्दांकडे वळणे इष्ट ठरेल.

'ठेवणे' हे क्रियापद संस्कृत 'स्थापयति', प्राकृत 'ठवेइ' या मार्गाने मराठीत आले. 'ठेव' म्हणजे एखाद्याच्या हाती जपण्यासाठी ठेवलेली वस्तू. ती ज्याची होती त्याचीच राहते. धर्मशास्त्रकारांनी हा व्यवहार कर्जाहून कटाक्षाने निराळा मानला. मनुस्मृतीतील अठरा विवादपदांत 'ऋणादान' हे पहिले आणि 'निक्षेप' हे दुसरे. याज्ञवल्क्याने तर राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे नाहीशी झालेली ठेव भरून देण्याची जबाबदारी ठेवून घेणाऱ्यावर टाकलेली नाही. कारण वस्तू मूळ धन्याचीच, तेव्हा तिच्यावरील आपत्तीही त्याचीच. फारसी-अरबीतून आलेल्या 'अनामत' या शब्दामागेही विश्वासाने सोपविण्याचीच कल्पना आहे.

आधुनिक बँकेचा कायदा याच्या नेमका उलट आहे. 'फॉली विरुद्ध हिल' या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८४८ साली असा निर्णय दिला की, बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो. ग्राहक हा केवळ तिचा धनको आणि बँक त्याची ऋणको. म्हणजे ज्यास आपण 'ठेव' म्हणतो तो वस्तुतः निक्षेप नसून ऋणादान होय. शब्द एका विवादपदातला, व्यवहार दुसऱ्यातला! बँक चालू असेतो ही विसंगती कोणास जाणवत नाही. ती बंद पडली म्हणजे मात्र ठेवीदारास कळते की, आपण तारणावाचून कर्ज दिलेल्यांच्या रांगेत उभे आहोत. १९१३-१४ च्या पडझडीत मुंबईची इंडियन स्पेसी बँक कोसळली तेव्हा हाच धडा शहरातील लोकांना मिळाला. नवल असे की, बोलीने ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकाआधीच ओळखलेली दिसते. 'पैसे बँकेत बुडाले' असे आपण म्हणतो, 'चोरीस गेले' असे म्हणत नाही. आणि 'बुडणे' हे क्रियापद तर कर्जाचे आहे.

भारतात या विसंगतीवर पहिला कायदेशीर उतारा १९६१ साली निघाला. बंगालमधील बँका बुडाल्यानंतर १९४८ च्या सुमारास ठेवविम्याची चर्चा सुरू झाली होती; श्रॉफ समितीने १९५४ साली तशी शिफारसही केली. परंतु प्रत्यक्ष हालचाल होण्यास १९६० साल उजाडावे लागले. त्या वर्षी आपल्या विदर्भातील अकोल्याची लक्ष्मी बँक आणि ऑगस्टमध्ये केरळातील पालै सेंट्रल बँक बंद पडली, आणि ठेवीदारांची धावपळ इतर बँकांकडेही पसरली. डिसेंबर १९६१ मध्ये कायदा मंजूर होऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा निगमाचे काम सुरू झाले. प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे १५०० रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा, ठेवीदाराने नव्हे.

पण शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने १९६२ हे खरे वर्ष नव्हेच. ग्रामीण भागाचा पतव्यवहार सहकारी संस्थांतून चाले आणि त्या प्रारंभी विम्याबाहेर होत्या. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांसाठी वाट मोकळी झाली व १९७१ पासून प्रत्यक्ष विस्तार सुरू झाला. तरीही प्राथमिक सहकारी संस्था वगळलेल्याच राहिल्या. त्यामुळे एकाच बाजारपेठेत, एकाच 'ठेव' या नावाखाली दोन प्रकारचे पैसे नांदतात : जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखेतील विमा असलेले, आणि पतसंस्थेतील विमा नसलेले. दोहोंच्या पावतीवर शब्द एकच. पतसंस्थांचा बिनविम्याचा पैसा मी या प्रश्नाचा सर्वांत दुर्लक्षित भाग मानतो. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली अधिनियम केला खरा. तथापि तो मालमत्ता जप्त करून, विकून, येईल ते वाटण्याचा मार्ग आहे. विम्याची निश्चिती त्यात नाही.

विम्याच्या मर्यादेचा इतिहासही बोलका आहे. १९६८ साली ५,०००, १९७० साली १०,०००, १९७६ साली २०,०००, १९८० साली ३०,००० आणि १९९३ साली १ लाख रुपये. त्यानंतर सत्तावीस वर्षे ती जागची हलली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एकदम ५ लाख झाली. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले होते व प्रारंभी खातेदारास केवळ १,००० रुपये काढता येत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९६० प्रमाणेच याही वेळी पडझड आधी आणि सुधारणा नंतर, असा क्रम दिसतो.

नेमक्या त्या स्थिर वर्षांत शहापूरमध्ये नवा पैसा येत होता. समृद्धी महामार्गासाठी तालुक्यातील जमिनी घेतल्या गेल्या व मोबदला एकरकमी मिळाला. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या बाजारमूल्याखेरीज तितकीच दिलासा रक्कम देण्याची तरतूद आहे. म्हणजे जमीन गेली तर मूल्याच्या दुपटीहून कमी नाही असे शासनाचे वचन. पण तोच मोबदला बँकेत ठेवला आणि बँक बुडाली, तर २०२० पूर्वी एक लाखापलीकडे काहीच हमी नव्हती. व्याजही त्याच मर्यादेत धरावयाचे, आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवींची बेरीज करावयाची. पिढीजात जमिनीचे रूपांतर ज्याने आयुष्यात एकदाच पैशात केले, त्याला हा भेद कोणी समजावून सांगितला असेल?

'भरपाई' या शब्दाचा जुना अर्थही येथे पाहण्यासारखा आहे. भर आणि पावणे यांपासून तो बनला. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे सर्व रक्कम पुरेपूर पावल्याची पावती. आज तो शब्द मर्यादेपुरत्या अंशालाही लावला जातो.

पूर्वी विम्याची रक्कम बँक अवसायनात निघाल्यावर किंवा तिचे विलीनीकरण झाल्यावरच देय होई; निर्बंधांची वर्षे ठेवीदाराने तशीच काढावयाची. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांचा काळ ठरविला : पहिले पंचेचाळीस दिवस बँकेने याद्या देण्याचे, पुढील पंचेचाळीस निगमाने पडताळणी करून पैसे देण्याचे. ही मोठी सुधारणा होय. तीत ठेवीदाराकडून संमतिपत्र आणि रक्कम जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील मागितला जातो, अथवा आधारशी जोडलेल्या खात्यात ती भरली जाते. टोकावडे किंवा डोळखांबच्या ज्या माणसाचे उभ्या आयुष्यात एकच खाते, आणि तेही बंद पडलेल्या बँकेत, त्याने भरपाई घेण्याआधी दुसऱ्या बँकेत नवे खाते उघडावयाचे असते.