टायटल किती सेकंद ठेवायचं? फाळक्यांचा हिशोब

डोंबिवली ते ठाणे, फास्ट लोकलच्या गर्दीत एक इअरफोन सावरत ऐकत असाल, तर आजचा विषय दोन सेकंदांचा आहे.

आजोबांच्या वर्षश्राद्धाला मी एक छोटा व्हिडिओ केला. सुरुवातीला त्यांचं नाव आणि गाव, टायटल दोन सेकंदांचं. पाऊण सेकंद अक्षरं सरकत येणार, पाऊण सेकंद विरत जाणार. लॅपटॉपवर झकास दिसलं. घरी टीव्हीवर लावलं, तर आजी म्हणाली, "काय लिहिलं होतं रे? वाचेपर्यंत गेलंसुद्धा."

हिशोब केला. अक्षरं स्थिर होती फक्त अर्धा सेकंद! मी ते शंभरदा वाचलेलं, आजी पहिल्यांदाच वाचत होती.

हा घोळ एडिटिंग अ‍ॅपच्या खूप आधीचा आहे. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. मूकपट, म्हणजे आवाज नाही. गोष्ट पुढे नेायची ती मधल्या लिखित पाट्यांनी, आणि त्याही एकाहून जास्त भाषांत. १९११च्या जनगणनेनुसार देशात साक्षर जेमतेम सहा टक्के. ज्याला वाचता येतं त्याने शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, तर पाटी तेवढा वेळ थांबायला नको?

आता गणित बघा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरला, तर एक फूट म्हणजे एक सेकंद. पाटी आठ सेकंद दिसायला हवी? आठ फूट फिल्म घाला. आणि कोरी फिल्म यायची परदेशातून, विकत. थोडक्यात, प्रेक्षकाला वाचायला दिलेल्या प्रत्येक सेकंदाचे पैसे मोजावे लागत.

फाळके आधी छपाईच्या धंद्यात होते, त्यामुळे अक्षरांशी ओळख जुनी. फ्रेमचा हिशोबही त्यांना पक्का ठाऊक होता. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थांबून थांबून फ्रेम घेत चित्रित केलं होतं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर झरझर. पुढे आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' हा अ‍ॅनिमेशनपटही केला.

आपल्याला टायटल लांबवायला काय लागतं? टाइमलाइनवर बोटाने एक कड ओढायची. फुकट! तरी आपण घाईच करतो.

मी आता असं करतो: टायटल सावकाश, मोठ्याने एकदा वाचायचं आणि तेवढा वेळ अक्षरं स्थिर ठेवायची. येण्या-जाण्याचं अ‍ॅनिमेशन त्यात मोजायचं नाही, ते वेगळं. शेवटी ते व्हिडिओ न पाहिलेल्या माणसाला दाखवायचं.

आजोबांचं टायटल आता सहा सेकंदांचं आहे. आजीने चष्मा लावला, नाव वाचलं, गावही वाचलं. मग म्हणाली, "परत लाव."

चला, ठाणे आलं असेल. उतरा सांभाळून, भेटू पुढच्या भागात!