सह्याद्रीच्या पायथ्याशी उल्कानिरीक्षण

अवकाशातील बारीक कण सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतो, तापून पेटतो आणि क्षणभर प्रकाशरेषा उमटवून नाहीसा होतो. ही उल्का. बहुतेक उल्का वाळूच्या कणाहून फारशा मोठ्या नसतात. शुक्राहून तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. उल्का साधारण 80 ते 120 किलोमीटर उंचीवर पेटतात, त्यामुळे एकच उल्का अनेक जिल्ह्यांतून एका वेळी दिसते. महाडला थेट डोक्यावर, 100 किलोमीटर उंचीवर पेटलेली उल्का पुण्यातून नैर्ऋत्येला सुमारे 55 अंशांवर आणि मुंबईतून दक्षिण-आग्नेयेला सुमारे 40 अंशांवर दिसेल. उल्काशास्त्राचा आरंभच या साध्या भूमितीतून झाला.

त्याआधी हजारो वर्षे उल्केकडे शकुन म्हणून पाहिले गेले. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांना स्वतंत्र अध्याय आहे. त्यात धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगून त्यांची फळे दिली आहेत. फळांचा भाग सोडला, तरी आकार, शेपटी, आवाज आणि दिशा यांवरून केलेले हे वर्गीकरण डोळसपणे आकाश पाहणाऱ्यांचेच आहे. कोकणातल्या वाड्यांवर तारा तुटला की कोणीतरी गेले, ही समजूत अगदी अलीकडेपर्यंत सांगितली जाई.

1794 मध्ये जर्मन अभ्यासक ख्लाड्नी याने उल्का पृथ्वीबाहेरून येतात असे मांडले, तेव्हा विद्वानांनी ते सहजी मानले नाही. 1798 मध्ये ग्योटिंगेनचे ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग हे दोन विद्यार्थी एकमेकांपासून काही किलोमीटरवर बसले आणि एकाच वेळी दिसलेल्या उल्का जुळवून त्यांनी त्यांची उंची काढली. त्यांच्याकडे मोठी उपकरणे नव्हती. दोन ठिकाणे, नक्षत्रांची ओळख आणि जुळवलेले घड्याळ एवढ्यावर हे काम झाले. पुढे 1872 च्या नोव्हेंबरात बिएला धूमकेतूच्या मार्गावरील कणांमुळे मोठा उल्कावर्षाव झाला, तेव्हा ग्योटिंगेनच्याच क्लिंकरफ्यूस यांनी थेट मद्रास वेधशाळेच्या पॉग्सन यांना तार करून धूमकेतू शोधायला सांगितले.

या काळात महाराष्ट्रात आकाशाचे ज्ञान मराठीत आणण्याचे मोठे काम शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) यांनी केले. दापोलीजवळच्या मुरूडचे हे शिक्षक. त्यांचा ‘ज्योतिर्विलास’ हा ग्रंथ रात्रीचे आकाश सामान्य वाचकाला ओळखता यावे म्हणूनच लिहिलेला आहे, आणि 1896 चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. याच काळात, 1879 मध्ये, सातारा भागात अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेला अवकाशातील दगड, पडला. अशनींच्या जागतिक यादीत तो ‘कालुंबी’ या नावाने नोंदलेला आहे. तेथून सह्याद्रीची एक रांग ओलांडली की महाड-पोलादपूर लागते. जमिनीवर सापडलेल्या दगडांना संग्रहालयांत जागा मिळाली. रात्री पेटून विझणाऱ्या उल्का मात्र पाहणाऱ्यांच्या आठवणीतच राहिल्या. आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागला 1904 मध्ये वेधशाळा आली, पण तिचे काम पृथ्वीच्या चुंबकत्वाचे. उल्कांकडे लक्ष द्यायचे ते हौशी माणसांनीच.

अशी माणसे संघटित झाली ती पुण्यात. 22 ऑगस्ट 1944 रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ही देशातील सर्वांत जुनी संस्था. 1985 मध्ये, हॅलेचा धूमकेतू जवळ येत असताना, मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. त्याचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन पुढे अनेकांच्या पहिल्या ओळखीचे ठिकाण ठरले. हॅलेने मे आणि ऑक्टोबरमधील दोन उल्कावर्षावही दिले आहेत, ते दर वर्षी येतात.

या हौशी निरीक्षकांची खरी परीक्षा झाली ती नोव्हेंबरमधील सिंह वर्षावाच्या वेळी. त्याचा जनक टेंपल-टटल धूमकेतू सुमारे 33 वर्षांनी परततो आणि त्यानंतर वर्षाव उग्र होण्याची शक्यता असते. 1998 मध्ये वर्षावाचा कमाल क्षण 17 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर भारतातून दिसेल असे भाकीत होते. तेजस्वी अग्निगोलांचा मारा मात्र त्याच्या सुमारे 16 तास आधी झाला. कारण त्या अग्निगोलांचे कण 1333 साली धूमकेतूतून सुटलेले होते आणि गुरूच्या प्रभावाने एकत्र राहिले होते. सांगितलेल्या रात्री जमलेल्यांच्या वाट्याला त्यामानाने थोडे आले. या चुकीनेच शास्त्र पुढे गेले. मॅकनॉट आणि अ‍ॅशर यांनी धूमकेतूच्या प्रत्येक फेरीच्या कणांचे मार्ग वेगवेगळे मोजले आणि 1999 चा कमाल क्षण काही मिनिटांच्या अंतराने बरोबर सांगितला. पण भारतात तेव्हा उजाडले होते. 2001 चा नोव्हेंबर आशियाचा ठरला. 18 च्या मध्यरात्रीच्या सुमारास सिंह रास उगवत होती आणि पहाटेपर्यंत उल्का बरसत राहिल्या.

महाड-पोलादपूरला या छंदासाठी निसर्गाने काही दिले आहे, काही अडवले आहे. येथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून ऑगस्टमधला ययाति वर्षाव ढगांतच जातो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. पोलादपूरकडच्या गावांत पूर्वेचे तारे अर्ध्या तासापर्यंत उशिरा दिसतात. महाडची औद्योगिक वसाहत आणि महामार्ग यांच्या दिव्यांनी खोऱ्याचे आकाश फिके केले आहे. सावित्रीकाठी डिसेंबरच्या पहाटे धुके उतरते. तरीही आंबेनळी आणि वरंध घाटांच्या पायथ्याची गावे अजून काळोखी आहेत, आणि सुमारे 820 मीटर उंचीच्या रायगडावर चारही क्षितिजे मोकळी आहेत. 13–14 डिसेंबरचा मिथुन वर्षाव येथे सर्वांत भरवशाचा. त्याचा उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना दिसतात ती जागा, रात्री दोनच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो आणि काळोख्या आकाशात तासाला शंभराच्या आसपास उल्का दिसू शकतात. त्यांचा जनक फेथॉन हा लघुग्रह 1983 मध्ये सापडला.

सामान्य माणसाच्या नोंदीचे मोल 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात दिसून आले. आकाशातून सरकत गेलेल्या तेजस्वी पुंजक्याची चित्रफीत लोकांनी मोबाइलवर घेतली. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. ती उल्का नव्हती, चिनी अग्निबाणाचा टप्पा होता. तुकडे बराच वेळ संथपणे सरकत होते, हाच मुख्य फरक. खरा अग्निगोल बहुधा काही सेकंदांत संपतो.

अग्निगोल दिसला तर घड्याळातील वेळ, तो कोणत्या ताऱ्याजवळ सुरू झाला आणि कोठे विझला, किती सेकंद टिकला, रंग कोणता होता आणि काही मिनिटांनी गडगडाट ऐकू आला का, एवढे लगेच लिहून ठेवावे. पुण्यात किंवा मुंबईत त्याच क्षणी कोणी पाहिले असेल, तर या दोन नोंदींवरून त्याची उंची आणि मार्ग काढता येतो. टेंपल-टटल मे 2031 मध्ये पुन्हा सूर्याजवळ येणार आहे. तोपर्यंत महाड-पोलादपूरच्या शाळांनी दर डिसेंबरात मिथुन वर्षावाच्या नोंदींची वही ठेवावी. पुणे आणि मुंबईच्या निरीक्षकांना तिसरे ठिकाण मिळेल.