पॉवेल, जॉन वेस्ली

(२४ मार्च १८३४–२३ सप्टेंबर १९०२). अमेरिकन भूवैज्ञानिक व समन्वेषक. कोलोरॅडो नदीच्या घळ्यांचे समन्वेषण आणि शुष्क प्रदेशातील जमीन व पाणी यांविषयीचे विवेचन यांकरिता प्रसिद्ध. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील मौंट मॉरिस येथे झाला. अमेरिकन यादवी युद्धात शायलोच्या लढाईत (१८६२) जखमी झाल्याने त्यांचा उजवा हात कोपराखाली कापावा लागला. १८६५ मध्ये ते इलिनॉय वेस्लियन विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

२४ मे १८६९ रोजी नऊ सहकारी व चार नावा घेऊन ते वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर येथून निघाले. वाटेत एक नाव फुटली, शिधा संपत आला व चौघे मोहीम सोडून गेले, तथापि सु. तीन महिन्यांनी पॉवेल व पाच सहकारी ग्रँड कॅन्यन पार करून बाहेर पडले. १८७१-७२ मध्ये त्यांनी दुसरी मोहीम काढली. यूइंटा पर्वत हळूहळू उंचावत असता मूळच्या नदीने आपला मार्ग न सोडता तो कापून काढला, असे त्यांनी प्रतिपादिले (१८७५). अशा पूर्ववर्ती नद्यांची कल्पना भूरूपविज्ञानात मान्यता पावली.

१८६२ च्या कायद्यानुसार वसाहतकऱ्यास १६० एकर जमीन मिळत असे. जेथे वार्षिक पर्जन्य २० इंचांहून (सु. ५१ सेंमी.) कमी आहे, अशा पश्चिमेकडील प्रदेशात हे प्रमाण निरुपयोगी असल्याचे पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात दाखविले. ओलिताखाली ८० एकर पुरेत, चराऊ रानासाठी मात्र २,५६० एकर हवेत आणि पाण्याचा हक्क जमिनीशीच निगडित असावा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत.

१८८१ मध्ये ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १८८८ मध्ये सुरू झालेल्या सिंचन सर्वेक्षणामुळे जमीनवाटप खोळंबले. त्यामुळे पश्चिमेकडील लोकप्रतिनिधी संतापले व १८९० मध्ये काँग्रेसने त्याचा निधी बंद केला. सर्व जमिनीस पुरेल इतके पाणी नाही, हा त्यांचा इशारा १८९३ च्या लॉस अँजेल्स येथील सिंचन परिषदेत श्रोत्यांना रुचला नाही. १८९४ मध्ये त्यांनी संचालकपद सोडले. १९२२ च्या करारात कोलोरॅडोचे पाणी तिच्या सरासरी प्रवाहाहून अधिक वाटले गेले, तेव्हा त्या इशाऱ्याचे मर्म प्रत्ययास आले. याच नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणाच्या जलाशयास पॉवेल यांचे नाव देण्यात आले आहे.

अमेरिकन इंडियनांच्या भाषांचे वर्गीकरणही त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले (१८९१). मेन राज्यातील हेवन येथे ते मरण पावले.