पाणी पूर्वेला, कापूस पश्चिमेला

भूगोलाच्या पुस्तकात बंदराचा धडा आला की त्यासोबत समुद्र, गोदी आणि बोटी यांचीच चित्रे येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवतीसारख्या डोंगराळ तालुक्यातील विद्यार्थ्यांना हा धडा परक्या मुलखाचा वाटला तर नवल नाही. परंतु मुंबईसारखे बंदर मोठे कसे होते, ते दुसऱ्या बंदरावर मात कशी करते, हे समजून घ्यायला हाच परिसर फार उपयोगी आहे. कारण ही मात समुद्रावर झालीच नाही. ती वर्धेच्या खोऱ्यात झाली.

प्रथम भारताचा नकाशा घेऊ. जिवतीपासून मुंबईपर्यंत दोरा ताणला तर सरळ रेषेतील अंतर सुमारे ६५० किलोमीटर भरते. आंध्र प्रदेशातील काकीनाडा बंदरापर्यंतचे अंतर सुमारे ४५० किलोमीटरच आहे. आता पाण्याची वाट पाहू. माणिकगडच्या डोंगरावर पडलेला पाऊस नाल्यांमधून वर्धेला मिळतो. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे जवळचा समुद्र पूर्वेचा आणि जमिनीचा उतारही पूर्वेलाच. असे असताना या खोऱ्यातला कापूस पश्चिमेला, मुंबईला का गेला?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बराचसा उत्तरेला जात असे. बैलांच्या पाठीवर आणि बैलगाड्यांवर लादलेला कापूस नागपूरमार्गे मिर्झापूरला पोचे आणि तेथून गंगेच्या पात्रातून कलकत्त्याला. हा प्रवास अनेक आठवड्यांचा. वाटेत धूळ आणि पावसाने माल खराब होई. वाहतुकीचा खर्च वाढला की शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव तेवढा उतरे.

गोदावरीवर धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात मोठा बंधारा बांधणारे अभियंते आर्थर कॉटन यांनी यावर उपाय सुचवला. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा यांचाच जलमार्ग करावा आणि मध्य भारतातला कापूस होड्यांनी काकीनाड्याला न्यावा, असा तो विचार होता. पाण्यावरची वाहतूक जमिनीवरच्या वाहतुकीपेक्षा स्वस्त असते, कारण तरंगणारे ओझे संथ गतीने ओढायला फार थोडे बळ लागते. तत्त्व बिनचूक होते. १८६० मध्ये सिरोंचा हे मुख्य ठाणे असलेला अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाही स्थापन झाला.

अडचण नदीच्या तळात होती. पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ एंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत देवलमरीजवळ. त्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे आणि कालवे बांधायचे होते. कालव्यात लॉक हवे होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली कुंडी. तिच्यात पाणी भरून किंवा सोडून होडी वरच्या वा खालच्या पातळीला नेतात. जंगलात, हिवतापाच्या प्रदेशात हे काम रेंगाळले आणि त्यावर लक्षावधी रुपये खर्च झाले.

खडक फोडता आला असता. पंचांग मात्र बदलता येत नव्हते. हिमालयातील नद्यांप्रमाणे या नद्यांना बर्फाचे पाणी नाही. पूर पावसाळ्यात येतो आणि दिवाळीनंतर पाणी झपाट्याने ओसरते. कापसाची वेचणी मात्र साधारण त्याच सुमारास सुरू होऊन पुढे दोन-तीन महिने चालते. रुई वेगळी करून गाठी बांधेपर्यंत उन्हाळा लागतो. म्हणजे नदीत पाणी असे तेव्हा नेण्याजोगा कापूस नसे, आणि कापूस तयार होई तेव्हा पात्रात वाळू दिसे.

मुंबईच्या बाजूला याच वर्षांत काय घडत होते? १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६५ मध्ये तिने थळ घाट ओलांडला आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि भारतीय कापसाचे भाव कडाडले होते. मुंबईत पैसा आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या. पण लोहमार्ग जागेवर राहिला. सह्याद्रीचा चढ चढूनसुद्धा गाडी बारा महिने चालत होती. नागपूरचा माल ८३७ किलोमीटरचा प्रवास काही दिवसांत करू लागला. १८७१ मध्ये गोदावरीच्या जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. त्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाट आणि वरोऱ्याकडे रेल्वेचा फाटाही काढण्यात आला.

निसर्गाची मदत मुंबईला होतीच. बेटाच्या आडोशाला असलेले खोल पाणी बोटींना वादळापासून सांभाळते. उलट काकीनाड्याचा उपसागर गोदावरीच्या गाळाने उथळ होत असे. मोठ्या बोटी किनाऱ्यापासून काही मैल दूर नांगर टाकत आणि पडावांतून माल चढवावा लागे. पण नैसर्गिक देणगीवर मुंबई विसंबून राहिली नाही. तेथे मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याची पातळी चार ते पाच मीटर वरखाली होते. म्हणून दारे असलेल्या गोद्या बांधल्या गेल्या. भरतीला बोट आत घ्यायची, दार बंद करून पाणी कोंडायचे आणि बाहेर ओहोटी असली तरी आत सपाट पाण्यावर माल उतरवायचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोपचा मार्ग हजारो किलोमीटरनी कमी झाला. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी झाली. कापूस नेणारी बोट येताना यंत्रे, कोळसा, कापड आणी. दोन्ही फेऱ्यांना माल मिळाला की भाडे उतरते. भाडे उतरले की आणखी माल येतो. पेढ्या, विमा आणि दलाल त्याच्यामागून येतात. बंदराची वाढ ही अशी चक्रवाढीची असते.

या चक्राची किंमत पृष्ठप्रदेशाने मोजली. रेल्वेचे दर बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदरातून येणाऱ्या तयार मालाला अनुकूल होते. गाडीतून कापूस गेला आणि त्याच गाडीने गिरणीचे कापड आले; गावोगावच्या कोष्ट्यांचे माग थंडावले. तरीही रेल्वेला दुसरे टोकही असते, हे जमशेटजी टाटांनी ओळखले. कापूस आणि कोळसा जेथे जवळ आहे तेथेच कापड विणावे, म्हणून त्यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली.

पुढे बंदरांची तीच चुरस नव्या साधनांनी चालू राहिली. मुंबईच्या गोद्यांना शहराने वेढले, कंटेनर ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणम १९३३ मध्येच खुले झाले होते. काकीनाड्याला खोल पाण्याचे बंदर १९९७ मध्ये मिळाले. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला.

वर्गात हा धडा घेताना एक तक्ता करून पाहावा. गावातून बाहेर जाणारा माल, तो कोणत्या महिन्यात तयार होतो, कोणत्या बाजारात, कोणत्या वाहनाने जातो आणि भाड्याला किती पैसे पडतात, एवढे रकाने पुरेत. कापूस, सोयाबीन, तूर यांची माहिती विद्यार्थी घरूनच आणतील. भाड्याचा रकाना शेतकऱ्याच्या भावाशेजारी ठेवला म्हणजे शेकडो किलोमीटर दूरच्या गोदीचा जिवतीच्या शेताशी काय संबंध आहे, ते त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.