प्रदर्शनाचा इतिहास वाचायला पैसे कोण देणार?

आज एका शेतकी प्रदर्शनाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या निमित्ताने पैशांबद्दलही.

इंग्लंडमध्ये १८३८ साली एक शेतकी संस्था स्थापन झाली. तीच पुढची 'रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटी ऑफ इंग्लंड'. १८३९ साली ऑक्सफर्डला तिचं पहिलं प्रदर्शन भरलं. पुढे सव्वाशे वर्षं ते गावोगाव फिरत राहिलं. १९६३ साली स्टोनले इथे स्थिरावलं आणि २००९ साली शेवटचं भरलं. प्रदर्शन संपलं, कागद मात्र उरले. संस्थेचं दप्तर आज रेडिंगच्या 'म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफ'मध्ये आहे.

आता बघा, मोठ्या घटना शोधायला फारसं खणावं लागत नाही. १८५८ साली चेस्टरला जॉन फाउलरच्या वाफेच्या नांगराला ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं. १८६६ साली गुरांच्या साथीमुळे प्रदर्शन भरलंच नाही. १८७९ साली लंडनच्या किलबर्नला इतका पाऊस झाला की मैदानाचा चिखल झाला. हे सगळं छापील आहे.

पण त्या चिखलात जनावरं कोणी सांभाळली? बक्षीस मालकाच्या नावावर. मग गोठ्यातल्या गड्याला काय मिळालं? लहान शेतकऱ्याला प्रवेशाचं तिकीट परवडत होतं का? याची उत्तरं शोधायची तर हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्तं उघडावी लागतात. अक्षर लागायला वेळ लागतो. कधी आठवडाभर वाचून एक ओळ हाती येते, कधी तीही नाही.

आणि इथेच गाडी अडते. स्मरणिकेला देणगीदार मिळतो, कारण तिच्यात फोटो असतात. सूची करायला आणि नुसतं वाचत बसायला पैसे द्यायचे म्हटलं की लोक विचारतात, 'यातून निघणार काय?' खरं उत्तर असं, की ते आधी सांगता येत नाही. आधीच माहीत असतं तर संशोधन कशाला हवं होतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. निधी द्यायचा तर आधी सूचीला द्यावा, मग वाचणाऱ्याच्या वेळेला द्यावा, आणि जे सापडेल ते छापायची मोकळीक द्यावी. संस्थेला न रुचणारं असलं तरीही.

चेस्टरचं उदाहरण पुन्हा आठवा. ते बक्षीस नांगराच्या दिसण्याला नव्हतं. तो जमीन नीट उलथतो का आणि घोड्यांपेक्षा स्वस्त पडतो का, हे शेतात पाहिलं गेलं. त्या परीक्षेसाठी संस्थेने पैसे मोजले होते. तिच्या इतिहासाचीही तशीच परीक्षा व्हायला हवी, आणि तीही फुकट होत नाही.

आपल्याकडेही तालुक्या-तालुक्यात कृषी प्रदर्शनं भरतात. मांडव उतरला की पावतीपुस्तकं रद्दीत जातात. पुढच्या वेळी आयोजकांपैकी कोणी भेटलं, तर तेवढी जपून ठेवायला सांगा.